सोळा आण्याचं रान आणि सरकारी सरासरी

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. विषय तुमच्या-आमच्या रानाचा आहे.

मार्च २०१४. आमच्या सोलापूर जिल्ह्यातलं भीमेच्या अलीकडचं एक गाव. आदल्या दिवशी संध्याकाळी गारा पडून गेल्या होत्या. मी सकाळी मोटारसायकलवर कॅमेरा घेऊन पोचलो. ज्वारी उपटून झाली होती, बुचाडं लागली होती, आणि ती सगळी वरून खालपर्यंत भिजलेली. कणसं काळी पडायला वेळ लागत नाही, कडब्याला बुरशी यायला त्याहून कमी. शेजारी गव्हाचं रान तर रोलर फिरवल्यासारखं आडवं झालेलं. आणि मधे एक बांध सोडला की पलीकडे हरभरा ताठ उभा! त्याला फक्त पाणी लागलेलं, गार लागलेलीच नाही.

तलाठी भाऊसाहेब कागद घेऊन बांधावर उभे होते. दोन दिवसांत अठरा गावं बघून आलेले, डोळे लाल. गावातले एक म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणतात, ते पुढे आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, एक सांगा. ह्या कागदावर तुम्ही माझं रान लिव्हताय का गावाचं?"

भाऊसाहेबांनी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतंही. मी बातमी केली, फोटो छापून आला. पण आबांचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून जुने गॅझेटियर, रिपोर्ट, पुस्तकं जमेल तशी वाचत आलोय. हळूहळू लक्षात आलं की आबांनी विचारलेला प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे. आणि दर पिढीत तो साधारण याच दिवसांत, माघ-फाल्गुनात, विचारला गेलाय.

आधी हे दिवस म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. आमच्याकडची ज्वारी पावसात वाढत नाही, पावसानंतर वाढते. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरणी होते आणि पुढचे चार-साडेचार महिने ते पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगतं. वरून थंडी आणि दव, बाकी काही नाही. काळं रान ही ओल धरून ठेवतं, म्हणून तर त्याची किंमत. पण तेच रान वाळायला लागलं की आकसतं आणि भेगाळतं. जानेवारीत बोट जाईल एवढी भेग, फेब्रुवारीत हात जाईल एवढी. भेगेतून उरलीसुरली ओल उडून जाते. म्हणून आमचे लोक कोळपं मारत राहतात, वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवत राहतात.

हे आपल्या बापजाद्यांचं ज्ञान पुढे शास्त्रातही आलं. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला वि. अ. ताम्हाणे यांनी कोरडवाहू शेतीचा अभ्यास सुरू केला. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूरला संशोधन केंद्रं निघाली. रावबहादूर ना. वि. कानिटकरांनी त्या कामावर पुढे १९४४ मध्ये पुस्तक लिहिलं. कमी बियाणं, रुंद ओळी, बांधबंदिस्ती आणि वारंवार कोळपणी, असं त्यांचं सार होतं. मोहोळला निवडलेली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, ही ज्वारी त्याच काळातली. आज ऐंशी-नव्वद वर्षांनीसुद्धा आपण भाकरी तिचीच मागतो.

म्हणजे या पिकाचं सगळं गणित ओलीवर बसलेलं. ओल कमी पडली तर पीक हळूहळू जातं, आणि सगळ्या शिवाराचं साधारण सारखं जातं. ते डोळ्यांना दिसतं, मोजता येतं. पण फाल्गुनात येणारी गार ही वेगळीच चीज आहे. वरच्या थरात पश्चिमेकडून कोरडी थंड हवा येते, खालून समुद्राकडची दमट हवा येते, मधे तापलेली जमीन असते. ढग उंच चढतो, पाणी गोठतं आणि दगड होऊन खाली येतं. हा ढग चालत जातो आणि जाताना पट्टा मारून जातो. पट्टा एखादा किलोमीटर रुंद असेल, कधी त्याहून अरुंद. पट्ट्यात सापडला तो संपला, बाहेरचा वाचला.

आपल्या लोकांनी मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक नक्षत्राच्या पावसाला ओळख दिली. कुठला पाऊस कुठल्या वाहनावर बसून येतो, तेसुद्धा सांगतात. फाल्गुनातल्या पावसाला मात्र नक्षत्र नाही. तो नुसता 'अवकाळी'. आणि गंमत बघा, सरकारी कागदातसुद्धा त्याला कितीतरी वर्षं धड जागा नव्हती. ती का नव्हती, हाच या पोस्टचा विषय.

चला आता भीमा ओलांडून इंदापुरात. साल १८३६.

पेशवाई जाऊन अठरा वर्षं झालेली. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी केली होती. शेतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा, असा त्याचा हिशेब. कागदावर शास्त्रशुद्ध, रानात जीवघेणा. लोक जमिनी टाकून निघून गेले, इंदापूर तालुक्यात पडीक वाढलं. तेव्हा गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी नव्या पद्धतीने आकारणी केली. उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला आणि मातीच मोजली.

ही पद्धत ऐकण्यासारखी आहे. शेतात खणून मातीची खोली बघायची. काळी, एकसारख्या पोताची माती पावणेदोन हात खोल असेल तर ती पहिली प्रत, सोळा आणे. खोली पाव-पाव हाताने कमी होत गेली की प्रत उतरत जाते: चौदा आणे, बारा, दहा, आठ... अशा नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. वर मातीतले दोष बघायचे. चुनखडीचे खडे आहेत का, वाळू मिसळलीय का, उतार आहे का, पाणी साचतं का, पाण्याने धुपतं का. दोष असेल तर प्रत खाली. आजही जुनी माणसं 'सोळा आण्याचं रान' म्हणतात ना, त्या बोलण्याला ही अशी प्रतबंदी लागून गेलेली आहे. तुमच्या सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जे काही रुपये-पैसे दिसतात, ते याच कुळातले.

ही पद्धत प्रिंगलपेक्षा खूप बरी होती यात वाद नाही. सारा उतरला, पडीक जमिनी पुन्हा लागवडीला आल्या. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की झाली आणि मुंबई इलाख्यात पसरली. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. सारा ठरला तीस वर्षांसाठी, रोखीत. चांगल्या वर्षी शेतकऱ्याने शिल्लक ठेवावी आणि वाईट वर्षी त्यातून भरावं. म्हणजे सरकार सरासरी वर्षाचा सारा घेणार. सरासरी तुमच्या-माझ्या शेतीत पहिल्यांदा ही अशी शिरली.

आता तुम्हीच सांगा, सरासरी वर्ष कुणी पाहिलंय? मी तरी पाहिलेलं नाही.

१८६७ च्या सुमारास इंदापूरची तीस वर्षं भरली आणि फेरआकारणीत सारा वाढला. त्याआधीची काही वर्षं अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला होता. तो भाव बघून आकारणी झाली आणि लगोलग भाव कोसळले. सारा रोखीत आणि वेळेवर भरायचा, त्यासाठी सावकार गाठायचा. पुढे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. १२ मे १८७५, सुपे, सावकारांची खतं जाळली गेली. त्याची कारणं एकच नव्हती, पण सारा ताठ आणि पीक लवचिक, हे त्यातलं एक होतं. मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला, आणि त्यातून 'दुष्काळ संहिता' निघाली. पीक बुडालं तर सरकारने काय करायचं हे पहिल्यांदा कागदावर आलं.

कागदावर आलं, पण इंग्रजीत! १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून आणि पुणे सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव फिरून नेमकं हेच काम केलं. संहितेत काय लिहिलंय, सूट कधी मागता येते, हे शेतकऱ्याला मराठीत सांगितलं. ऐपत नसताना घरातलं विकून सारा भरू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. सरकारला ते एवढं झोंबलं की मार्च १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. पत्रकार म्हणून मला या प्रकरणाचं फार अप्रूप वाटतं. नियम लोकांच्या भाषेत सांगणं हासुद्धा त्यांच्या लेखी गुन्हाच झाला.

पुढे १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ. १९०१ च्या मॅकडॉनेल आयोगाने मुंबई सरकारच्या ताठ वसुलीवर टीका केली. वाईट वर्षी वसुली तहकूब करायला हवी हे मान्य झालं. पण वर्ष वाईट आहे हे ठरवायचं कसं? तिथे आली आणेवारी. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. यंदाचं किती आणे? विंगेटने आण्यात माती मोजली होती, आता आण्यात पीक मोजायला लागले. फरक एवढाच की माती खणून बघायची होती, पीक मात्र नजरेने बघायचं. 'नजर अंदाज' हा शब्द आजही पैसेवारीच्या सरकारी कागदात जिवंत आहे.

आणि या नजरेवरूनच देशातला एक मोठा लढा उभा राहिला. तो महाराष्ट्रातला नाही, गुजरातमधल्या खेड्याचा. पण तेव्हा खेडा जिल्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता आणि नियमही आपलेच.

१९१७ चा पावसाळा लांबला, अतिपावसाने खरीप सडला. नियम असा की पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीची पूर्ण वसुली तहकूब. सरकारी आकडा म्हणायचा, चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणायचे, खाली आहे. ठक्करबाप्पा आधीच पाहणी करून आले होते. गांधीजी आणि वल्लभभाई कार्यकर्ते घेऊन गावोगाव फिरले आणि पिकाचे आकडे स्वतः गोळा केले. मागणी फार साधी होती. निष्पक्ष चौकशी करा, आमचा आकडा खोटा निघाला तर आम्ही भरू. सरकारने नकार दिला. २२ मार्च १९१८ ला नडियादला सत्याग्रह जाहीर झाला. बघा, पुन्हा मार्चच!

त्या लढ्यातली एक गोष्ट मला फार आवडते. एका शेतातलं कांद्याचं पीक सरकारने जप्त केलं होतं. जप्ती चुकीची होती, असं मोहनलाल पंड्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं. त्यांनी सरळ जाऊन कांदा काढून आणला आणि तुरुंगात गेले. लोकांनी त्यांना कौतुकाने 'डुंगळी चोर', म्हणजे कांदाचोर, अशी पदवी दिली.

जूनमध्ये तडजोड झाली. ज्यांना शक्य आहे त्यांनी भरावं, गरिबांची वसुली तहकूब. पण गांधीजींनी आत्मकथेत याबद्दल समाधान व्यक्त केलेलं नाही. कारण गरीब कोण हे ठरवणं पुन्हा अधिकाऱ्यांच्याच हातात राहिलं. चार आण्यांचा आकडा कुणी आणि कसा काढायचा, हा मूळ प्रश्न लढा जिंकूनही तसाच राहिला.

त्या प्रश्नाला निम्मं उत्तर दिलं ते आपल्याच माणसांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे. १९४० च्या दशकात त्यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. नजरेने बघायचं नाही. गावं, शेतं आणि शेतातली जागा चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, दोरी लावून चौकोन आखायचा, तेवढं पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं. चौकोन फार लहान घेतला तर कडेची ताटं आत धरण्याचा मोह होतो आणि उत्पन्न जास्त दिसतं, हेसुद्धा सुखात्म्यांनी दाखवून दिलं. तलाठ्याच्या नजरेपेक्षा तराजू केव्हाही बरा. हा फार मोठा बदल होता.

पण हा तराजूसुद्धा तुमच्या रानाचं वजन करत नाही. तो मंडळाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचं सरासरी वजन सांगतो. त्याचा हेतूच तो.

मग आले वि. म. दांडेकर. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ, 'भारतातील दारिद्र्य'वाले. पीक विम्याचा विचार करताना १९७६ मध्ये त्यांनी 'क्षेत्र' हा पाया धरला. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजत बसलो तर खर्च परवडणार नाही आणि खोटेपणाला वाव मिळेल. त्यापेक्षा ठरावीक भागाचं सरासरी उत्पन्न घसरलं तर त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्या. १९८५ ची देशव्यापी पीक विमा योजना याच पायावर उभी राहिली. दांडेकरांचा विचार चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. दुष्काळासाठी तो अगदी बरोबर आहे. दुष्काळ सगळ्या शिवारावर सारखा बसतो, तिथे सरासरी खरं बोलते.

गारपिटीत ती खरं बोलत नाही. मंडळात पंधरा गावं, गार पडली दोन गावांच्या एका पट्ट्यात. पट्ट्यातल्या माणसाचं शंभर टक्के गेलं, मंडळाचं गेलं पाच टक्के. कागद म्हणणार, मंडळ ठीक आहे. आबांचा प्रश्न हाच होता. माझं रान लिव्हताय का गावाचं?

पैसेवारीचंही तेच. आणे जाऊन पैसे आले, चार आण्यांच्या जागी पन्नास पैशांची रेघ आली. पन्नासच्या आत पैसेवारी आली तर गाव टंचाईग्रस्त. पण ती रेघ गावाची, रानाची नाही. आणि मूळ मोजमाप बांधलं गेलं ते ओल कमी पडण्यासाठी, आभाळातून दगड पडण्यासाठी नाही.

२०१४ ला हेच उघडं पडलं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट थांबेना. मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र, आमचा सोलापूर. द्राक्ष, डाळिंब, गहू, हरभरा, ज्वारी, सगळं झोडपलं. त्यातच ५ मार्चला लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली. पंचनाम्याला माणसं कमी, घोषणा करायला हात बांधलेले. आपत्ती मदतीच्या नियमात गारपीट होती, पण नुकसान ५० टक्के किंवा जास्त असेल तरच मदत. ४५ टक्के गेलं तर शून्य! ४५ आणि ५० मधला फरक बांधावर उभं राहून नजरेनेच ठरणार. १९१८ मध्ये चार आणे होते, इथे पन्नास टक्के. एवढाच काय तो बदल.

२०१५ च्या फाल्गुन-चैत्रात उत्तर भारतात गहू आडवा झाला. तेव्हा कुठे ८ एप्रिल २०१५ ला पंतप्रधानांनी ही अट ५० वरून ३३ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. चांगला निर्णय होता. २०१६ ला नवी पीक विमा योजना आली, तिच्यात गारपीट 'स्थानिक आपत्ती' म्हणून धरली गेली. नुकसान झाल्यावर ठरलेल्या मुदतीत कळवा, तुमच्या शेताची पाहणी होईल, भरपाई तुमच्या शेताच्या नुकसानीवर. काढून रानात पसरलेल्या पिकालासुद्धा चौदा दिवसांपर्यंत संरक्षण. कंपन्यांचे फोन लागत नव्हते, पाहणीला माणूस येत नव्हता, हे सगळं मी स्वतः छापलंय. पण तत्त्व म्हणून बघाल तर विम्याच्या कागदाने मान्य केलं होतं की रान वेगळं आणि सरासरी वेगळी.

आता मुद्द्यावर येतो. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्याने एक रुपयात पीक विमा बंद केला. त्याची चर्चा खूप झाली, कारण रुपया सगळ्यांना समजतो. रब्बीला विमा संरक्षित रकमेच्या दीड टक्का हप्ता आता शेतकऱ्याने भरायचा. ठीक आहे, भरू. जुन्या योजनेत बोगस अर्ज झाले, तेही खरं, मी नाकारत नाही. पण त्याच वेळी दुसरी गोष्ट झाली तिची चर्चा झालीच नाही. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान, या जोखमी योजनेतून वगळल्या. भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर.

म्हणजे आपण परत १९८५ ला आलो. बांधापलीकडचा हरभरा ताठ उभा असेल तर अलीकडच्या झोपलेल्या गव्हाची सरासरी चांगली दिसणार.

महसूल मंडळांत मिळून दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा सांगतात. उपयोगाची आहेत. पण मंडळाच्या एका टोकाला पडलेली गार दुसऱ्या टोकाच्या केंद्राला कशी कळणार? सॅटेलाइट आहेत, ड्रोन आहेत, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, शेतकरी स्वतः आपल्या रानात उभा राहून पिकाचा फोटो चढवतो. म्हणजे गट नंबर, पीक, जागा, सगळं सरकारकडे आधीच आहे. खेड्याच्या लढ्यात कार्यकर्त्यांनी गावोगाव पायी फिरून जे आकडे गोळा केले, ते आज एका दिवसात जमू शकतात. रान मोजता येत नाही, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

उरतो तो शासनाचा पंचनामा. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर आपत्ती निधीतून मदत आजही मिळते. केंद्राच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, आणि तीही साधारण दोन हेक्टरपर्यंत. यात मशागतीचा खर्च निघत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण गारपीटग्रस्ताच्या स्वतःच्या रानाचं मोजमाप करणारा एवढा एकच कागद आता उरलाय. म्हणून तो नीट झाला पाहिजे.

त्यासाठी तीन साध्या गोष्टी सांगतो. एक, रब्बीची ई-पीक पाहणी राहिली असेल तर मुदत बघून आजच करा. पाहणीत पीक नसेल तर पंचनाम्यात वाद होतो. दुसरी, गार पडली तर रान साफ करायची घाई करू नका. आधी गट नंबर सांगत व्हिडिओ घ्या, बांधापलीकडचं शेजाऱ्याचं रानही त्यात दिसू द्या, मग तहसीलला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिसरी गोष्ट सरपंच-सदस्यांना. पंचनाम्याची यादी चावडीवर लावायला लावा, नावासकट आणि टक्क्यासकट. टक्का उघड्यावर आला की ३२ आणि ३४ चा खेळ कमी होतो.

आणि आमदार-खासदारांना एकच मागणी. दुष्काळाला सरासरी लावा, हरकत नाही. गारपिटीला रान लावा. विम्यात स्थानिक आपत्ती परत आणा. बोगस अर्जदाराला जरूर पकडा, पण त्याच्यासाठी पट्ट्यात सापडलेल्या माणसाला शिक्षा नको.

आबा आता नाहीत. गेल्या आठवड्यात त्या गावाला गेलो होतो, त्यांचा मुलगा ज्वारी उपटत होता. भेगा एवढ्या की टाच अडकत होती. कणसं मात्र भरलेली, पांढरीशुभ्र. मी म्हटलं, यंदा सोळा आणे दिसतंय. त्यानं आधी पश्चिमेकडं बघितलं. तिकडं ढगाची एक बारीक काळी रेघ होती.

"बुचाड लागून मळणी होऊ द्या," तो म्हणाला, "मग सांगतो किती आणे."

पटलं तर पुढे पाठवा. तुमच्या घरात जुना सातबारा, प्रतबंदीचा उतारा किंवा आणेवारीची नोटीस जपून ठेवलेली असेल तर फोटो जरूर टाका.